चिऊताई, दार उघड: वाचन-लेखनाविषयी तुमचे प्रश्न

प्रश्न: मी ऐरोलीत पहिलीला शिकवते. चिऊ-काऊची गोष्ट मुलांना तोंडपाठ आहे. फळ्यावर लिहिली की घडाघडा ‘वाचतात’, पण एखादा शब्द वेगळा काढून दाखवला की गप्प. याला वाचन म्हणायचं का?

उत्तर: अजून नाही. पण पाठ असणं हेच तुमचं भांडवल. पुढे काय येणार हे ठाऊक असल्यामुळे मुलाला सगळं लक्ष अक्षरांकडे देता येतं.

कागदाच्या लांब पट्टीवर मोठ्या अक्षरांत एकच ओळ लिहा: ‘काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं.’ एकेका शब्दावर बोट ठेवून म्हणायला सांगा. सुरुवातीला तोंड पुढे पळेल, बोट मागे राहील. राहू द्या, शब्द कुठे संपतो ते मुलाला त्या गडबडीतच उमगतं. मग पट्टी कापून शब्द सुटे करा, पिसा आणि पुन्हा लावायला द्या.

‘शेणाचं’ आणि ‘मेणाचं’ यांत फक्त पहिलं अक्षर वेगळं. त्या जागी मुलांना ‘के’, ‘ते’, ‘रे’ लावू द्या. निरर्थक शब्द निघतील. ते कुणालाच पाठ नसतात, म्हणून मूल तिथे खरोखर वाचतं. आणि एके दिवशी गुपचूप ‘काऊचं घर मेणाचं’ लिहून ठेवा. ‘बाई, चुकलं!’ असं जे ओरडेल, ते वाचायला लागलं.

अ ते ज्ञ पूर्ण व्हायची वाट पाहू नका. याच ओळीत क, ऊ, च, घ, र, श, ण, म आहेत. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार. वर्गाला एवढं पुष्कळ दिवस पुरतं. मुख्याध्यापक घाई करत असतील तर सांगा, २०२१ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचं लक्ष्य तिसरीअखेर समजून वाचता येण्याचं आहे, पहिलीच्या दिवाळीपर्यंतचं नाही.

प्रश्न: घणसोलीच्या आमच्या शाळेत आगरी घरांतली मुलं ‘शेन’, ‘कावला’ असं लिहितात. लाल पेनाने दुरुस्त करावं का?

उत्तर: पेन खाली ठेवा. जे मूल बोलतं तेच अक्षरात उतरवतं, त्याला आवाज आणि अक्षर यांचं नातं कळलेलं आहे. त्याच्या घरच्या बोलीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो. वर्गात कुणाच्या तरी आजीला बोलवा, तिच्या तोंडून गोष्ट ऐका आणि ती सांगेल तशीच फळ्यावर लिहा. शेजारी पुस्तकातली ओळ लिहा. घरी असं म्हणतात, पुस्तकात असं छापतात, एवढंच सांगायचं. फरक मुलंच शोधतील, आणि बाईंपेक्षा भराभर.

प्रश्न: घोडबंदर रोडला राहतो. मुलगी इंग्रजी माध्यमात, दुसरीत. मराठी ऐकते, बोलते. लिहायचं म्हटलं की रडते. कोणती वही आणू?

उत्तर: गिरवायची वही नकोच. २०२०च्या कायद्याने राज्यातल्या शाळांत मराठी सक्तीची झाली. सक्ती शाळेतच राहू द्या. घरी ‘थांब, माझ्या बाळाला...’ एवढं तुम्ही लिहा, पुढचं तिला लिहू द्या. तिची चिऊताई बाळाला स्कूलबसमध्ये बसवेल, टॅब चार्ज करून देईल. र्‍हस्व-दीर्घाकडे सध्या डोळेझाक करा. लिहून झालं की तुम्ही काऊ व्हा, दार वाजवा आणि तिचं उत्तर तिलाच वाचायला लावा. पुस्तकांसाठी ठाण्यात १८९३पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहेच.

प्रश्न: काही घरांत गोष्टीच्या शेवटी कावळा तापल्या तव्यावर बसून भाजतो. लहान मुलांना हे सांगावं का?

उत्तर: मुलं आपल्याइतकी घाबरत नाहीत. तरी मी दुसरीच्या वर्गात गोष्ट बंद दारापाशीच थांबवेन आणि भिजलेल्या काऊने चिऊला काय चिठ्ठी लिहिली असेल, ते लिहायला सांगेन. दोन ओळी आल्या तरी बास.