वाचकांचे प्रश्न : शेणकिड्यांचा गोठा

प्रश्न : सासवडजवळ आमचा सेंद्रिय गोठा आहे. कुरणातले शेण हल्ली तसेच वाळून पडते, शेणकिडे दिसत नाहीत. गवत कापताना टिटवीची अंडीही चिरडली जातात. काय करावे?

उत्तर : आधी जंतनाशकांची नोंदवही पाहावी. आयव्हरमेक्टिनसारखे औषध दिल्यावर त्याचा बराचसा अंश शेणातून बाहेर पडतो आणि त्यात वाढणाऱ्या शेणकिड्यांच्या अळ्या मरतात. शेण जमिनीत गाडणारेच उरले नाहीत, की पो तसाच वाळतो. त्यामुळे दर हंगामात सरसकट डोस देण्याऐवजी पशुवैद्यकांकडून शेण तपासून घ्यावे आणि गरज असलेल्याच जनावराला औषध देऊन त्याला काही दिवस कुरणाबाहेर बांधावे. सेंद्रिय प्रमाणीकरणालाही हेच अभिप्रेत असते.

वेदनाशामकांबाबत मात्र तडजोड नको. औषध दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांना मारक ठरल्याने जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर 2006 मध्ये, तर किटोप्रोफेन व असेक्लोफिनॅकवर 2023 मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे.

टिटवी उघड्या जमिनीवर खडे रचून अंडी घालते आणि माणूस जवळ येताच ओरडून उठते. ती जिथून उठली, तिथे काठी रोवून भोवतीचा तुकडा पिल्ले निघेपर्यंत सोडावा. उरलेले गवत मधून कडेकडे कापत न्यावे, म्हणजे लाव्यांना आणि सशांना बांधाकडे पळायला वाट राहते.