वैद्यकीय क्षेत्रात जाण्याची इच्छा खरी आहे, हे कसे ओळखावे?

आपण विचारले आहे की, सेवेची ओढ असणे डॉक्टर होण्यासाठी पुरेसे आहे का आणि आम्ही विद्यार्थ्यांनी हा मार्ग कशामुळे निवडला. मी वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे माझ्यापुरते उत्तर देते.

मी शाळेत असताना माझ्या मावशीला फुप्फुसाचा क्षयरोग झाला. औषधे सुरू झाली आणि तिची लघवी नारिंगी होऊ लागली. रक्त जात आहे असे समजून ती घाबरली आणि कोणालाही न सांगता तिने गोळ्या बंद केल्या. उशीखाली लपवलेली पाकिटे मलाच सापडली. पुढच्या तपासणीच्या वेळी ज्या डॉक्टर होत्या, त्या रागावल्या नाहीत. स्टूल ओढून त्या तिच्यासमोर बसल्या, तिच्या खालच्या पापण्या ओढून डोळे नीट पाहिले आणि मग म्हणाल्या, ''हा रंग औषधाचा आहे. घाम आणि डोळ्यांतले पाणीसुद्धा नारिंगी होऊ शकते. घाबरू नका.'' मावशीने त्यानंतर एकही गोळी चुकवली नाही आणि ती पूर्ण बरी झाली.

डॉक्टर व्हावे असे मला त्या दिवशी वाटले, पण त्यांनी आधी डोळे का पाहिले, हे मला अभ्यास करताना समजले. नारिंगी रंग रिफॅम्पिसिन या क्षयरोगावरच्या औषधामुळे येतो आणि तो निरुपद्रवी असतो. मात्र आयसोनियाझिड, पायराझिनामाइड आणि स्वतः रिफॅम्पिसिन या तिन्ही औषधांमुळे यकृताला इजा होऊ शकते, आणि तेव्हा डोळे पिवळे पडून लघवी गडद होते. म्हणजे ''घाबरू नका'' हे दोन शब्द उच्चारण्याचा अधिकार त्यांना केवळ माया असल्यामुळे मिळालेला नव्हता, तर कशाला घाबरायला हवे हे त्यांना पक्के ठाऊक होते म्हणून मिळाला होता. सेवाभाव पुरेसा नाही असे मी म्हणते, ते याच अर्थाने. रात्री जागून औषधशास्त्राची कंटाळवाणी पाने वाचणे हाही माझ्या मते सेवेचाच भाग आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: नुसते ज्ञानही पुरेसे नसते. क्षयरोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच शोधून काढला आणि नेहमीच्या क्षयरोगावरचा ६ महिन्यांचा उपचारही अनेक दशकांपासून ठरलेला आहे. तरीही काही आठवड्यांत खोकला कमी झाला, भूक लागू लागली, की रुग्णाला आपण बरे झालो असे वाटते आणि तो औषध सोडतो. उरलेले जंतू पुन्हा वाढतात, त्यांच्यात औषधाला दाद न देणारेही असू शकतात. हे प्रत्येकाला, प्रत्येक वेळी, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखे सांगावे लागते.

म्हणून निर्णय घेण्यापूर्वी जवळच्या एखाद्या दीर्घकाळ आजारी माणसाची औषधे काही आठवडे आपण स्वतः सांभाळून पाहावीत, असे मी सुचवेन. तोच प्रश्न दहाव्यांदा ऐकताना आपल्याला वैताग येतो, की तो प्रश्न पुन्हा का आला असेल हे जाणून घ्यावेसे वाटते, याकडे लक्ष द्यावे.