इन्सुलिन कोण टोचणार? कॅलिफोर्नियातल्या केअर होमविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडील ८१ वर्षांचे आहेत. फ्रीमाँटच्या एका सहा खाटांच्या केअर होममध्ये त्यांना ठेवायचं ठरवलं होतं. दिवसातून चार वेळा इन्सुलिन लागतं आणि हल्ली ‘घेतलं की नाही’ हेच त्यांच्या लक्षात राहत नाही. होमवाले म्हणतात, डायबेटिसवाले आम्ही घेतो, पण यांना घेता येणार नाही. हा काय प्रकार?

उत्तर : होमवाले नियमाला धरूनच बोलत आहेत. ज्येष्ठांसाठीची ही घरं टायटल २२ च्या, म्हणजे कॅलिफोर्निया राज्याच्या नियमावलीतल्या एका भागाच्या, नियमांखाली चालतात. ती दवाखान्यात मोडत नाहीत. कलम ८७६१२ मध्ये ‘रिस्ट्रिक्टेड’ तब्येतींची यादी आहे : ऑक्सिजन, कॅथेटर (लघवीची नळी), कोलोस्टॉमी (शौचासाठी पोटावर केलेली वाट), आखडलेले सांधे, डायबेटिस, एनिमा, लघवी-शौचावर ताबा नसणं, इंजेक्शनं, जखमा आणि पहिल्या-दुसऱ्या टप्प्याचे बेडसोअर (पडून राहून, दाबामुळे होणाऱ्या जखमा). रिस्ट्रिक्टेड म्हणजे बंदी नव्हे, अटींवर परवानगी. डायबेटिसची अट अशी की साखर स्वतः तपासता यावी आणि इन्सुलिन स्वतः घेता यावं. नाहीतर ते काम कॅलिफोर्नियाचं लायसेन्स असलेल्या नर्ससारख्या व्यक्तीने करायचं. केअरगिव्हर वेळेची आठवण करून देईल, सामान पुढ्यात ठेवेल. सुई मात्र ती टोचणार नाही, मग तुम्ही कितीही लेखी परवानगी द्या.

आता चार वेळा नर्स आणायची कुठून? होम हेल्थची, म्हणजे घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्थेची नर्स दिवसाला एखादी फेरी करते, स्वयंपाकघराच्या वेळापत्रकाप्रमाणे चारदा येत नाही. म्हणून होम बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा की या वयात दिवसातून एकच दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन आणि सोबत गोळ्या, एवढ्यावर भागेल का. निर्णय त्यांचा, पण प्रश्न आपणच काढावा लागतो, कारण वडील राहणार कुठे हे त्यांना माहीत नसतं. चारचं एक झालं तर ‘नाही’ म्हणणारं होमही बहुधा पुन्हा विचार करेल.

डॉक्टरांनी भरायचा फॉर्म म्हणजे एलआयसी ६०२ए. (एलआयसी म्हणजे इथे विमा नव्हे, लायसेन्सिंग : या घरांना परवाना देणारं राज्याचं खातं.) त्यात ‘स्वतः इंजेक्शन घेऊ शकतात का’ आणि ‘स्वतः साखर तपासू शकतात का’ असे वेगवेगळे रकाने असतात. घाईत दोन्हीकडे ‘हो’ होतं आणि त्याच फॉर्मवर स्मृतिभ्रंशाचीही खूण असते. तपासणीला आलेला माणूस हा विरोधाभास पहिल्यांदा पकडतो. फॉर्म हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. आणि वडील एकादशी करत असतील तर होमला आधीच सांगा : इन्सुलिन घेऊन पोट रिकामं राहिलं तर साखर उतरते आणि साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर उसळते.

प्रश्न : सॅन होजेला माझं सहा खाटांचं होम आहे. आमच्या एक आजी खुब्याचं हाड मोडून हॉस्पिटलात होत्या. शुक्रवारी दुपारी चारला फोन आला, ‘त्या तयार आहेत, कमरेखाली छोटीशी जखम आहे.’ घेऊ का?

उत्तर : फोनवर हो म्हणू नका. शुक्रवारचे हे फोन फार महागात पडतात. आधी नर्सची जखमेची नोंद मागवा : जागा, लांबी-रुंदी-खोली सेंटिमीटरमध्ये आणि टप्पा. मग स्वतः जाऊन आजींना पाहा आणि नव्याने मूल्यांकन लिहा.

दाबल्यावरही न फिकटणारा लालसरपणा हा पहिला टप्पा. वरची कातडी गेली किंवा फोड आला तर दुसरा. चरबी दिसू लागली की तिसरा, आणि स्नायू, हाड किंवा स्नायूबंध उघडे पडले की चौथा. काळी खपली असेल तर खाली किती खोल आहे हे कळतच नाही. ‘छोटीशी’ म्हणतात ती नेमकी अशीच असते. टप्पा ठरवणं केअरगिव्हरचं काम नाही आणि मालकाचंही नाही. पहिला-दुसरा असेल तर ड्रेसिंग कुशल नर्सकडून करून घ्या आणि प्रत्येक वेळची नोंद आजींच्या फाइलला लावा.

तिसरा-चौथा टप्पा कलम ८७६१५ प्रमाणे ‘प्रोहिबिटेड’, म्हणजे मनाई असलेला आहे. पोटात किंवा नाकातून घातलेली आहाराची नळी, ट्रॅकिऑस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला केलेलं छिद्र), गंभीर संसर्ग आणि रोजच्या सगळ्याच कामांसाठी दुसऱ्यावर विसंबून असणं, हेही त्याच यादीत येतं. आणि ‘भरत आलेला टप्पा तीन’ हा टप्पा तीनच राहतो, बरा होताना तो दोन होत नाही. कागदावर ‘हीलिंग’ शब्द पाहून कित्येक जण इथेच फसतात.

तरीही ठेवायचंच असेल तर कलम ८७६१६ खाली लायसेन्सिंगकडे लेखी सवलत मागता येते. अर्जासोबत वैद्यकीय अहवाल, अपेक्षित प्रगती आणि कालावधी द्या. काळजी कोण, केव्हा, कशी घेणार त्याची योजना द्या, आणि बाकीच्या रहिवाशांना त्याचा त्रास कसा होणार नाही तेही लिहा. शेवटचा भाग लोक विसरतात आणि अर्ज परत येतो. मंजुरी हातात पडेपर्यंत आजींची सोय स्किल्ड नर्सिंगमध्येच (जिथे नर्स कायम असतात अशा ठिकाणी) करा. आजी हॉस्पिसवर (आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या सेवेवर) असतील आणि तुमच्याकडे हॉस्पिसची मंजुरी असेल तर वाट वेगळी.

खुब्याच्या मोडीत आणखी एक विसरलं जातं. आजींना अंथरुणात स्वतःहून कूस बदलता येते का? येत नसेल तर त्या ‘बेडरिडन’ ठरतात. मग अग्निशमन खात्याची त्या प्रकारची मंजुरी लागते आणि ४८ तासांत त्या खात्याला कळवावंही लागतं.

प्रश्न : ऑक्सिजनचं मशीन आलंय. काय काय बघायचं?

उत्तर : स्थानिक अग्निशमन खात्याला लेखी कळवा, ‘धूम्रपान नको, ऑक्सिजन सुरू आहे’ अशा पाट्या लावा, विजेच्या वस्तूंच्या वायरी ठिणगी पडण्याजोग्या नाहीत ना हे तपासा. न हलवता येणारा सिलिंडर स्टँडला किंवा भिंतीला बांधा. नळी खोलीभर फिरता येईल इतकी लांब असावी, पण पायात यायला नको. खोलीबाहेर पोर्टेबल वापरायचा. गरज संपली की मशीन घराबाहेर जायला हवं. कोपऱ्यात कापड घालून ठेवलेलं मशीनही त्रुटीच ठरते. मुळात रहिवाशाला ऑक्सिजनची गरज कधी आहे ते कळायला आणि मशीन चालवायला जमलं पाहिजे. नाहीतर पुन्हा नर्सच.

प्रश्न : मी पुण्यात १४ वर्षं नर्स होते. जावेच्या होममध्ये कॅथेटरची पिशवी मी बदलली तर चालेल?

उत्तर : कॅलिफोर्नियाचं लायसेन्स नसेल तर या नियमापुरत्या तुम्ही केअरगिव्हरच. पिशवी रिकामी करू शकता, तेही लायसेन्सधारक नर्सने शिकवल्यावर आणि काय शिकवलं याचा तिने लिहिलेला कागद फाइलला लागल्यावर. पिशवी-नळी बदलणं, कॅथेटर घालणं किंवा धुणं नाही. लायसेन्स मिळालं की ही सगळी कामं डॉक्टरांच्या आदेशानुसार होमची नोकर म्हणूनही करता येतील. बाहेरचीच नर्स हवी असा नियम नाही.