पिरॅमिड तोंडपाठ, पण ओपीडीत शेक आणि करंटच: एव्हिडन्स-बेस्ड प्रॅक्टिस शिकवायची कशी?

मॅडम, तुमची अडचण माझ्या फार ओळखीची आहे. फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला तुम्ही एव्हिडन्स-बेस्ड प्रॅक्टिस, म्हणजे संशोधनाचा पुरावा पाहून उपचार ठरवणं, शिकवताय. मुलं पुराव्यांचा पिरॅमिड (कोणता पुरावा किती भक्कम, याची उतरंड) सुरेख काढतात, या विषयाचे प्रवर्तक डेव्हिड सॅकेट यांची 1996 ची व्याख्या घडाघडा म्हणतात, आणि ओपीडीत गेली की कंबर असो, गुडघा असो, खांदा असो, आयएफटी (दुखण्यावर करंट देणारं मशीन) आणि अल्ट्रासाऊंड (सोनोग्राफी नव्हे, ध्वनिलहरींनी उपचार करणारं मशीन) लावून मोकळी होतात. कुठं चुकतंय, असं तुम्ही विचारलंय. लातूर-अंबाजोगाई पट्ट्यात मी 18 वर्षं शिकवतेय आणि पहिली सहा-सात वर्षं माझ्याही बॅचेसचं हेच होतं. हा विषय फळ्यावर सुरू केला की पेपरपुरता उरतो. तो मुलांना पेशंटसमोर पडलेल्या प्रश्नातून सुरू झाला पाहिजे. आणि आपण स्वतः मत बदलतो, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलं पाहिजे.

मत बदलण्याचं माझंच सांगते. पक्षाघाताच्या पेशंटला जितकं लवकर आणि जितकं जास्त उठवू-बसवू तितकं चांगलं, असं मला शिकवलं होतं आणि मीही तेच शिकवायचे. 2015 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अ‍ॅव्हर्ट हा अभ्यास आला. पाच देश, 56 रुग्णालयं, 2104 पेशंट. पहिल्या 24 तासांत सुरुवात करून वारंवार आणि जास्त उठवलेल्या गटात तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले 46 टक्के होते. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात 50 टक्के. मला ते वाचून झोप लागली नाही. किती पेशंटना मी पहिल्याच दिवशी हौसेनं दमवलं होतं! दुसऱ्या दिवशी वर्गात मी हेच सांगितलं, की मी तुम्हाला गेल्या महिन्यात जे शिकवलं ते आता मला तसं वाटत नाही. वर्ग एकदम गप्प झाला. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "म्हणजे मॅडम, उठवायचंच नाही का?" तिथं मी पेपर उघडला. नेहमीच्या गटातले लोकही पडून नव्हते. त्यांना पहिल्यांदा उठवायला मध्यक (सगळे आकडे ओळीनं लावले की मधला येतो तो) 22.4 तास लागले होते, जास्त उठवलेल्या गटात 18.5. म्हणजे प्रश्न उठवण्याचा नव्हताच, किती आणि कसं याचा जास्त होता. नुसता निष्कर्ष वाचून मुलं उलट्या टोकाला गेली असती. त्या तासाला जे शिकून झालं ते माझ्या दहा लेक्चरांत झालं नव्हतं.

आता कंट्रोल ग्रुप, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला गट. "पेशंटला मशीननं बरं वाटतं, मी स्वतः पाहिलंय," हे मुलांचं वाक्य तुम्ही ऐकत असालच. ते खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच तसं दिसतं. दुखणं टोकाला गेलं की मगच आपल्याकडं माणूस दवाखान्याची पायरी चढतो. तिथून पुढं ते थोडंफार उतरणारच, तुम्ही काहीही लावा. हे समजावून सांगून पटत नाही. मी मुलांची परवानगी घेऊन सत्राच्या सुरुवातीला एक प्रयोग करते. सगळ्यांना स्टुलावरून एका पायानं सावकाश खाली उतरायला लावायचं, मांडी भरून येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना सगळे कण्हतात. मग स्टीलच्या डब्यात घडी घातलेल्या चिठ्ठ्या. अर्ध्यांना जेल लावून अल्ट्रासाऊंड, अर्ध्यांनाही तसंच, तितकीच मिनिटं, पण मशीन बंद. कोणाचं चालू, कोणाचं बंद, हे फक्त मशीनवर बसलेल्या इंटर्नला माहीत. दुखणं 0 ते 10 मध्ये लिहून घेणारा मुलगा वेगळा, त्याला काहीच माहीत नाही. चार-पाच दिवसांत सगळेच बरे होतात, कारण असं दुखणं 24 ते 72 तासांत शिगेला जाऊन आपोआप उतरतं. शनिवारी यादी उघडायची. बंद मशीनवाल्यांचे चेहरे तेव्हा बघा!

एका बॅचला बंद मशीनवाल्यांना जास्त आराम पडला, पुढच्या बॅचला चालूवाल्यांना. वीस मुलांत असं व्हायचंच. लहान नमुन्यावर विसंबायचं नाही, हे मग वेगळं शिकवावं लागत नाही. आणि चिठ्ठी झाकलेली का हवी, हेही. एकदा एका मुलीनं चिठ्ठ्या उजेडात धरून आतलं वाचलं आणि मैत्रिणीला हव्या त्या गटात घातलं. तिला मी रागावले नाही, उलट सगळ्यांना दाखवलं, की बघा, अभ्यास बिघडतो तो असा.

पेद्रो (फिजिओथेरपीच्या अभ्यासांची ऑनलाइन सूची) आणि पबमेड (वैद्यकीय लेखांची सूची) यांवर शोधणं शिकवण्यात फार वेळ घालवू नका. पेद्रो 1999 पासून सगळ्यांना फुकट आहे, फोनवर चालतं, अर्ध्या तासात येतं. तिथं प्रत्येक अभ्यासाला दर्जासाठी दहापैकी गुण असतात; त्याबद्दल एवढंच सांगा की व्यायामाच्या अभ्यासात कोणता उपचार चाललाय हे थेरपिस्ट आणि पेशंट दोघांपासूनही लपवता येत नाही, ते दोन गुण जातातच, त्यामुळं आठ म्हणजे जवळपास पैकीच्या पैकी. खरी अडचण इंग्रजीची आहे. आपली निम्मी मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली. मी प्रश्न आधी मराठीत लिहायला लावते: कोणाला, काय केलं तर, कशाच्या ऐवजी, कशासाठी. आणि "कशासाठी" हे पुस्तकातून नाही, पेशंटच्या तोंडून आलं पाहिजे.

अलीकडची एक मावशी सांगते. केज तालुक्यातली, ऊसतोडीला जाणारी, दोन्ही गुडघे धरलेले. "वंगण संपलंय, करंट लावा," म्हणून आली. पोस्टिंगवरच्या मुलानं जर्नलमध्ये (त्याच्या नोंदवहीत) लिहिलं: वेदना कमी करणे. मी त्याला परत पाठवलं, नीट विचारून ये म्हटलं. ती म्हणाली, "दसऱ्याला टोळी निघती. मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं गाडीत चढता आलं पायजे." हा झाला प्रश्न.

त्यानं शोधलं. कॉक्रेन ही संस्था एका विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासते; तिचा गुडघ्याच्या झिजेवरचा 2015 चा आढावा म्हणतो, 54 अभ्यास, व्यायामानं उपचार संपल्यावर वेदना 100 पैकी 12 नी कमी. तो खूश झाला. मग त्याला 2024 चा आढावा मिळाला: 139 अभ्यास, फायदा आहे, पण पेशंटला जाणवण्याइतका मोठा आहे का याबद्दल शंका. पोरगं हिरमुसलं. "मॅडम, मग द्यायचा का नाही व्यायाम?"

मॅडम, या जागी घाई करू नका, उत्तर देऊन टाकू नका. आम्ही तासभर बोललो. त्या अभ्यासांतले लोक जमिनीवर मांडी घालतात का, उकिडवे बसतात का? देखरेखीखाली आठवड्याला दोन-तीन वेळा व्यायाम होतो, ते मावशीला झेपेल का? एका फेरीला एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज. आणि शेकाला व्यायामापेक्षा चांगला पुरावा आहे का? नाही. शेवटी त्यानं दोनच व्यायाम दिले: खाली पाय सोडून बसता येईल अशा ओट्यावरून उठ-बस, आणि पायरी चढ-उतार, दर आठवड्याला थोडे वाढवत. मोजायला दोन गोष्टी: 30 सेकंदांत किती उठ-बस, आणि फळी चढणं 0 ते 10 मध्ये किती जमतं, हे तिच्याच शब्दांत. तिला शेक हवाच होता. दोन दिवस हॉटपॅक दिला आणि हे तात्पुरतं आहे, काम व्यायामाचं आहे, असं तिला सांगितलं. ती उसाला गेल्यावर तिच्या मुलाच्या मोबाईलवर महिन्यातून एकदा फोन. जानेवारीत फळीचा आकडा 3 वरून 6 वर आला होता, रात्री गुडघा सुजतो ही तक्रार मात्र कायम. त्यानं जर्नलमध्ये लिहिलं: "सुधारणा आहे. व्यायामानंच झाली असं एका पेशंटवरून म्हणता येत नाही." ते वाक्य वाचून मला खरंच भरून आलं.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर "एसडब्ल्यूडी (मशीननं खोलवर शेक), आयएफटी, दहा दिवस" असं लिहून आलेल्या पेशंटबद्दलही तुम्ही विचारलंय. मुलांना डॉक्टरांशी वाद घालायला लावू नका. लिहिलंय ते द्या, सोबत व्यायाम द्या, पहिल्या आणि दहाव्या दिवशी मोजा, आणि ते आकडे परत चिठ्ठीवर लिहून पाठवा. दोन सर्जन मंडळींनी आमच्याकडं असंच हळूहळू नुसतं "असेस अँड ट्रीट" (तपासा आणि तुम्हीच उपचार ठरवा) लिहायला सुरुवात केली.

व्हायवाला (तोंडी परीक्षेला) पिरॅमिड विचारणं मी बंद केलंय. मी विचारते, "या टर्मला तू कोणती गोष्ट करायची थांबवलीस, आणि काय वाचून?" पहिल्या वर्षी निम्म्यांना उत्तर देता येणार नाही. तरी विचाराच, आणि हा प्रश्न येणार हे टर्मच्या पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

स्टुलाचा प्रयोग मंगळवारी धरा, म्हणजे शनिवारी यादी उघडता येते. स्टूल गुडघ्याखाली येईल एवढंच उंच घ्या, आणि ज्यांचा गुडघा आधीच दुखतो त्यांना मोजणीला बसवा.