उरलेले 13,000 पाठवू नका

पत्र थोडक्यात असं : "वय 52, राहणार धायरी. मुलगी नोकरीला लागली, आता हाताशी वेळ आहे. वर्षभर मालिका-जाहिरातींत मागच्या गर्दीत कामाला जाते. कधी लग्नातली पाहुणी, कधी दवाखान्यातला पेशंट. आवडतं मला. पण भोरच्या शूटचे पैसे दोन महिने झाले तरी आले नाहीत. त्यात तिथे कामाला नेणारा कोऑर्डिनेटरच म्हणतो, 15,000 भरून कार्ड काढा, डायलॉगवाला रोल देतो. 2,000 टोकन पाठवलेत, घरी सांगितलेलं नाही. हे म्हणतात, गर्दीत उभं राहायला काय अक्कल लागते? काय करू?"

ताई, उरलेले 13,000 पाठवू नका. बाकीचं नंतर बोलू.

कोऑर्डिनेटर आपलं कमिशन तुमच्या मानधनातून कापतो, काम मिळायच्या आधी तुमच्या पर्समधून नाही. कार्ड असतं, नाही असं नाही. पण ते संघटनेचं. मुंबईत ज्युनियर आर्टिस्टांच्या, म्हणजे गर्दीत काम करणाऱ्यांच्या, संघटना आहेत, आणि सभासदत्वाचे पैसे तिथे पावती घेऊन भरायचे असतात, कुणा एकाच्या मोबाइलवर नाही. शिवाय कार्ड आहे म्हणून कुणी डायलॉग देत नाही. तो ऑडिशनमधून मिळतो आणि ऑडिशनला पैसे लागत नाहीत.

ते 2,000 मेसेज करून परत मागा, म्हणजे लेखी राहील. टाळाटाळ झाली तर स्क्रीनशॉट जपा आणि 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आणि ह्यांना आजच सांगून टाका. चिडतील. चिडू देत.

भोरचे पैसे ही वेगळी गोष्ट. मालिकांच्या धंद्यात 90 दिवसांनी पैसे ही जुनी रीत आहे (वाईट आहे, पण आहे), त्यामुळे दोन महिन्यांत ते बुडालेच असं धरू नका. तारीख, शिफ्ट आणि ठरलेली रक्कम लिहून आठवण द्या. पुढच्या वेळी घरातून निघण्याआधीच विचारा : किती तासांची शिफ्ट, किती पैसे, कधी मिळणार, जाण्यायेण्याचे वेगळे का त्यातच? "बघू नंतर" असं उत्तर आलं, तर जाऊ नका. जाहिरातीत तुमचा चेहरा जवळून दिसणार असेल तर गर्दीच्या दरात सही करू नका. एका चहाच्या जाहिरातीत ओळखू येण्याइतक्या दिसलात, की दुसरा चहावाला तुम्हाला घेणार नाही. म्हणून ती कुठे आणि किती महिने दाखवणार, हे कागदावर बघा.

आता अकलेचं. ह्यांना एकदा दिवाणखान्यात बसवा. ओठ हलवून गप्पा मारायच्या, पण आवाज काढायचा नाही. तुम्ही ठरावीक शब्द उच्चारलात की पिशवी डाव्याच हातात घेऊन उठायचं, दारापर्यंत जायचं, मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. असं सात वेळा, दर वेळी तसंच्या तसं. माझा अंदाज, तिसऱ्या टेकला ते कॅमेऱ्यात बघतील.

मात्र मागे उभं राहता राहता एक दिवस पुढे बोलवतील, ही आशा धरू नका. उलट एखाद्या मालिकेत पाहुणी म्हणून चेहरा दिसला, की त्याच मालिकेत नवं पात्र म्हणून घ्यायला ते कचरतात. बोलायचंच असेल तर ती वाट वेगळी, आणि पुण्यात ती घराजवळ आहे. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संस्थांना पन्नाशीच्या बायका लागतात आणि सहज मिळत नाहीत. लॉ कॉलेज रोडवर, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, फिल्म इन्स्टिट्यूटची मुलं फिल्म करतात, त्यांनाही आई-मावशी हव्या असतात. पैशांची फार अपेक्षा नको, पण वाक्यं मिळतील. गर्दीचं काम त्याबरोबर खुशाल चालू ठेवा, ती तुमची मिळकत आहे.

आणि हो, भोर-वाईकडच्या शूटला पॅकअप कधी होईल याचा नेम नसतो. रात्री गाडी धायरीत घरापर्यंत सोडणार की नवले पुलावर उतरवणार, हेही निघण्याआधीच विचारून घ्या.