पहिलं भुताचं पुस्तक

ताई, दहा वर्षांच्या मुलाला पहिलं भुताचं पुस्तक कोणतं द्यावं, असं विचारताय, तर भयकथाकार नारायण धारप आत्ताच हातात देऊ नका. ते मोठ्यांचं वाचन. मी ही चूक केली आहे. भाचा आठवडाभर बाथरूमचं दार उघडं ठेवून अंघोळ करायचा!

सुरुवात अशा रहस्यकथेने करा, जिथे भूत शेवटी कुणाचा तरी कावा निघतो. या वयाला भीती हवी असते, पण पुस्तक मिटलं की संपणारी. शिवाय खुणा जुळवून गुन्हेगार आधीच ओळखला, की स्वारी दिवसभर हवेत. निव्वळ रहस्य-साहसासाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच.

दोन गोष्टी सांभाळा:
- शेवट फोडू नका.
- ‘यातून काय शिकलास?’ हे तर मुळीच नको.

पहिलं प्रकरण तुम्हीच वाचा, रात्री, टॉर्च लावून. (मुंबईत दिवे जातात कुठे, म्हणा. मुद्दाम घालवा.) वाड्याचं दार करकरलं, की तिथेच थांबायचं आणि कुकर लावायला उठायचं. शिट्टी होईपर्यंत पोरगं पुढची चार पानं वाचून बसलेलं असेल.

लगेच ढीगभर विकत घेऊ नका. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ सालापासूनचं. त्याला सोबत न्या, निवडू दे त्यालाच. मुखपृष्ठावरची कवटी बघून उचललं तरी चालेल.