बोनसमधले 22 हजार गेमच्या किल्ल्यांवर घालावेत का?

प्रश्न: वय 27, हिंजवडीत नोकरी, वाकडला पीजीत राहतो. हातात पगार 46 हजार. काउंटर-स्ट्राइक हा बंदुकांचा ऑनलाइन गेम खेळतो. खेळताना दर आठवड्याला मिळणाऱ्या ड्रॉपमधून शंभरएक केसेस, म्हणजे आत काय निघेल ते आधी न कळणाऱ्या बंद पेट्या, साठल्या आहेत. केसेस फुकटच्या आहेत, त्या उघडायच्या किल्ल्या तेवढ्या विकत घ्यायच्या. 40 हजार बोनस मिळणार आहे, त्यातले 22 हजार घालू का? रूममेटला सातव्याच केसला नाइफ, म्हणजे सगळ्यात दुर्मिळ वस्तूंपैकी एक, निघाला. क्रेडिट कार्डाची 31 हजार थकबाकी आहे, पण मिनिमम ड्यू वेळेवर भरतो.

उत्तर: थकबाकी तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलीत. मी तिथूनच सुरू करतो. मिनिमम ड्यू भरला म्हणजे लेट फी टळते, व्याज टळत नाही. कार्डावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज धरा. 31 हजारांवर दरमहा हजारभर रुपये निव्वळ व्याजात जातात. वर्षाचा आकडा तुमच्या नाइफला लाजवेल.

आता केसेस. चीनमधल्या नियमामुळे तिथल्या वितरकाला 2017 मध्ये शक्यता जाहीर कराव्या लागल्या (रंग म्हणजे वस्तू किती दुर्मिळ त्याचा दर्जा): निळी वस्तू 79.92 टक्के, जांभळी 15.98, गुलाबी 3.2, लाल 0.64 आणि नाइफ किंवा ग्लोव्ह्ज 0.26. म्हणजे सरासरी 385 केसेसमागे एक नाइफ. किल्ली 2.49 डॉलरला, साधारण 220 रुपयांना पडते. तुमच्या शंभर केसेस उघडल्या तर ऐंशीएक निळ्या, सोळा जांभळ्या, तीनेक गुलाबी, आणि नशीब असलं तर एखादी लाल. एकही नाइफ न निघण्याची शक्यता 77 टक्के. बहुतेक निळ्या वस्तू विकायला काढल्या तर किल्लीच्या पैशांचा छोटासा तुकडाच परत येतो.

रूममेटचं अभिनंदन, पण त्याच्या सातव्या केसचा तुमच्या पहिलीशी काही संबंध नाही. भिशीत निदान प्रत्येकाचा नंबर कधीतरी लागतो. इथे नव्याण्णव केसेस कोरड्या गेल्या तरी शंभरावीला शक्यता तीच, 0.26. आणि केस उघडताना वस्तूंची पट्टी फिरते, त्यात नाइफ अगदी शेजारून सरकतो ना, तो नुसता देखावा आहे. काय निघणार ते आधीच ठरलेलं असतं. बेल्जियमने 2018 मध्ये अशा पेट्यांना जुगाराच्या कायद्यात बसवलं, ते मला तरी पटतं.

‘केसेस फुकटच्या’ हे मात्र मला मान्य नाही. त्या स्टीमच्या, म्हणजे हा गेम जिथून चालतो त्या ऑनलाइन दुकानाच्या, बाजारात विकता येतात. एखादी 60 रुपयांना जात असेल, तर ती उघडण्याचा खर्च 220 नाही, 280 आहे. उलट किल्ली एकदा घेतली की अडकलात: ऑक्टोबर 2019 पासून गेममध्ये विकत घेतलेली किल्ली ना दुसऱ्याला देता येते, ना बाजारात विकता येते.

केसमधून निघणारी स्किन, म्हणजे हत्याराचं सजावटी रूप, पुढे विकता येते, ही गुंतवणूकच आहे, असं गेमर मंडळी नेहमी सांगतात. मग हिशोब पुरता करू. स्टीमवर घेणाऱ्याने 100 रुपये मोजले तर तुमच्या वॉलेटमध्ये 87 च्या आसपास येतात. ते वॉलेटमधून बँकेत काढता येत नाहीत, त्यातून फक्त स्टीमवरच खरेदी होते. बाहेरच्या साइटवर रोख मिळते, पण ते स्टीमच्या नियमांबाहेरचं काम, आणि फसवणूक झाली तर दाद कुणाकडे मागणार? भावाचं म्हणाल, तर ऑक्टोबर 2025 मध्ये गेमच्या कंपनीने एक बदल केला: पाच लाल वस्तू देऊन नाइफ किंवा ग्लोव्ह्ज मिळवायची सोय. रातोरात कित्येक नाइफांचे भाव कोसळले. ज्या वस्तूचा पुरवठा एका अपडेटने वाढतो, तिला मी तरी गुंतवणूक म्हणणार नाही.

माझा सल्ला असा. किल्ल्या घेऊ नका, केसेस विका. वॉलेटमध्ये जमा होईल त्यातून आवडलेली स्किन थेट बाजारातून घ्या. ते पैसे तसेही बँकेत येणार नव्हते, त्यामुळे तिथे हौस करायला माझी हरकत नाही. जुन्या, आता न मिळणाऱ्या केसेसना बरा भाव येतो, तेव्हा शंभरच्या शंभर एका झटक्यात काढू नका, एकेकीचा भाव बघा. केस उघडण्यातलीच मजा हवी असेल, तर महिन्याला दोन किल्ल्या, तेही सिनेमा-हॉटेलच्या पैशांतून.

बोनसमधले 31 हजार जमा होतील त्याच दिवशी कार्डावर भरा. पुढच्या बिलात मागच्या दिवसांचं थोडं व्याज लागून येईल, तेही पूर्ण चुकतं करा. उरलेले नऊएक हजार वेगळ्या बचत खात्यात ठेवा. पीजीचं डिपॉझिट किंवा गावाकडचं अचानक आलेलं काम यासाठी सध्या तुमच्याकडे काहीच दिसत नाही. कार्ड मोकळं झालं की दरमहा वाचणारे हजार रुपये त्याच खात्यात वळवा. आणि बोनस यायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाची ऑनलाइन खर्चाची मर्यादा 2 हजारांवर आणून ठेवा. रात्री दोन वाजता, तीन मॅच हरल्यावर, ती वाढवायला निदान ओटीपीची वाट बघावी लागेल.